गोणपाटाला कसलं आलंय टेन्शन?

या महिन्याचं पत्रांचं गाठोडं जरा जडच आहे आणि त्याला कारण मीच. मागच्या अंकात मी आल्बेर्तो बुर्री या इटालियन चित्रकारावर लिहिलं आणि सोबत त्याच्या गोणपाटाच्या चित्राचा फोटो दिला. झालं. निम्म्या पत्रांचा सूर "बाई, तुम्ही शाळेत आम्हाला वस्तुचित्रात सावली चुकली म्हणून मार्क कापायचात आणि आता फाटकं पोतं दाखवून भावना बघा म्हणता" असा आहे. कापायचे खरी मार्क, ते मान्य. उरलेल्या पत्रांत मात्र फार चांगले प्रश्न आलेत, त्यातले चार-पाच घेते. ज्यांनी मागचा अंक वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच की बुर्री मुळात डॉक्टर, दुसऱ्या महायुद्धात इटालियन सैन्यात होता, १९४३ मध्ये उत्तर आफ्रिकेत पकडला गेला आणि अमेरिकेत टेक्सासमधल्या हेरफर्डच्या युद्धकैद्यांच्या छावणीत गेला. तिथे चित्र काढायला लागला. १९४६ ला घरी परतल्यावर डॉक्टरकी सोडलीच, आणि पुढे जुनी पोती फाडून, शिवून, चिकटवून कॅनव्हास करायला लागला.

प्रश्न : बाई नमस्कार, सांगलीहून लिहितेय. माझी भाची आर्ट कॉलेजला शेवटच्या वर्षाला आहे, आमच्या वास्तुशांतीला तिने स्वतः केलेलं पेंटिंग दिलं, चांगलं तीन बाय चार फूट. त्यात गोणपाट आहे, ते डावीकडं फाडून परत सुतळीनं शिवलंय, वर काळा रंग, एका कोपऱ्यात जाळलंय, खाली पेपरचे तुकडे चिकटवलेत आणि उजवीकडं वर नुसती पांढरी जागा सोडलीय. सासूबाई म्हणतात घरात कुणीतरी जखम टांगून ठेवल्यासारखं वाटतं. मिस्टर म्हणतात बारदान आहे, मार्केट यार्डात पडलेलं असतं. मला मात्र त्याच्यासमोर बसलं की छातीत काहीतरी घट्ट होतं, पण उठावंसंही वाटत नाही. पाहुणे अर्थ विचारतात, काय सांगू? आणि खरं सांगू का, एक काळजी पण आहे, पोरगी ठीक आहे ना?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय असं मला वाटलं. पेंटिंग म्हणजे एक्सरे नाही हो. गोणपाट जाळायचं म्हणजे ते कितपत जळू द्यायचं, कुठल्या क्षणी विझवायचं, शेजारी पाण्याची बादली ठेवायची, मागचा कॅनव्हास पेटू द्यायचा नाही, हे सगळं ज्या पोरीनं सांभाळलं ती ते करत असताना तरी बऱ्यापैकी शांत डोक्याची असणार. आणि उलटंही होतं, गोड गुलाबी फुलं रंगवणारा माणूस आतून पार खचलेला असू शकतो. तेव्हा पोरीची काळजी वाटत असेल तर फोन करा, जेवलीस का विचारा, झोप लागते का विचारा, चार दिवस घरी बोलवा. चित्रावरून निदान करू नका. बुर्रीच्या बाबतीत लोकांनी आयुष्यभर हेच केलं, डॉक्टर होता म्हणून फाटलेलं पोतं म्हणजे जखम, लाल रंग म्हणजे रक्त, टाके म्हणजे ऑपरेशन, आणि तो माणूस मात्र शेवटपर्यंत हेच म्हणत राहिला की माझ्या चित्रात फक्त आकार आणि अवकाश बघा.

आता चित्राकडे. माझी एक सवय सांगते, अठ्ठावीस वर्षं पोरांना शिकवून लागलेली. अमूर्त चित्रासमोर उभं राहिलं की विशेषणं लगेच तोंडावर येतात, उदास आहे, भीतिदायक आहे, सुंदर आहे. ती जरा गिळायची. आधी क्रियापदं मोजायची. म्हणजे इथे काय काय केलं गेलंय? तुमच्याच पत्रात बघा, तुम्ही नकळत सगळी लिहून दिलीत: फाडलंय, शिवलंय, रंगवलंय, जाळलंय, चिकटवलंय, सोडलंय. सहा. यातलं "फाडलंय" आणि "शिवलंय" एकमेकांच्या विरुद्ध आहेत आणि दोन्ही एकाच जागी आहेत. छातीत घट्ट होतं ना, ते बहुतेक तिथून सुरू होतं.

कसं ते सांगते, आणि यासाठी गोधडी आठवा. गोधडीलाही ठिगळं असतात, तीही फाटक्या लुगड्यांचीच असते, तिच्यावरही टाकेच टाके असतात, मग गोधडी बघून कुणाला जखम का नाही आठवत? कारण गोधडीचा धावदोरा सगळ्या अंगभर सारखा फिरतो, प्रत्येक टाक्याच्या वाट्याला थोडी थोडी ओढ येते, एकट्या कुणावर भार नाही. तुमच्या भाचीनं फाटलेलं पोतं एकाच रेषेत ओढून आणलंय, म्हणजे दहा-बारा टाक्यांवर सगळ्या कापडाचा जोर. जवळ जाऊन बघा, त्या शिवणीकडे दोन्ही बाजूंनी सुरकुत्या आल्या असतील. ब्लाउज घट्ट झाला की हुकापाशी कशा ओढीच्या रेघा येतात, तशा. त्या रेघा दिसल्या की आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, आपल्या अंगाला माहीत असतं की हे ताणलंय आणि कधीही उसवेल. बाई माणसाला तर जास्तच माहीत असतं. चित्रातला ताण हा असा अक्षरशः ताण असतो, कापडाचा, दोऱ्याचा. नुसत्या रंगानं चितारलेल्या चित्रात हा ताण दाखवावा लागतो आणि मिक्स्ड मीडियात, म्हणजे रंगासोबत कापड, कागद, दोरा अशा खऱ्या वस्तू लावलेल्या चित्रात, तो खराच असतो, समोर भिंतीवर, आत्ता चालू. मला या प्रकाराचं जे कौतुक आहे ते एवढ्यासाठी.

आणि मग उठावंसं का वाटत नाही? माझा अंदाज, ती पांढरी जागा. फोटो तुम्ही पाठवलात तो बघून सांगतेय. डावीकडे सगळी गर्दी, शिवण, काळं, जळलेलं, सगळं खाली आणि डावीकडे रेटलेलं, आणि उजवीकडे वर एक खिडकीएवढी मोकळी जागा. नजर शिवणीवर दमते, पांढऱ्यात जाऊन श्वास घेते, पण तिथे बघायला काहीच नाही म्हणून परत शिवणीवर येते. हे येणं-जाणं म्हणजेच तुम्ही तिथे बसून राहता ते. भाचीनं ती जागाही काळी केली असती तर चित्र नुसतं दुःखी झालं असतं आणि तुम्ही दोन मिनिटांत उठला असतात. तिला विचारा, ती जागा तिनं शेवटी सोडली की आधीपासून राखली होती. माझी पैज, शेवटपर्यंत हात शिवशिवत असणार तिथे काहीतरी करायला.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. १९५० च्या दशकात बुर्रीबद्दल लिहिणाऱ्या मोठमोठ्या समीक्षकांना जे दिसलं तेच त्यांना दिसलं, तेही पोळ्या करता करता. आणि मिस्टरांनाही एकटं वाटून घेऊ नका म्हणावं, १९५९ साली रोममधल्या सरकारी आधुनिक कला संग्रहालयात बुर्रीचं मोठं पोतं लागलं तेव्हा इटलीच्या संसदेत प्रश्न विचारला गेला होता, की हे घाणेरडं फाटकं कापड इथे काय करतंय. खासदारांच्या पंगतीत बसलेत ते. फक्त त्यांना एक विचारा, मार्केट यार्डातलं बारदान आणि हे, यात फरक काय? ते म्हणतील "हे भिंतीवर आहे". मग म्हणावं, बरं, आणि? बोलू दे त्यांना.

पाहुण्यांना अर्थ सांगू नका. कोणता टाका आधी तुटेल असं वाटतं, एवढं विचारा. लोक उठून जवळ जातात की नाही बघा.

प्रश्न : मॅडम, राग मानू नका, मी इंजिनियर आहे, पुण्यात असतो. मला हे सगळं म्हणजे ढगात हत्ती बघण्यासारखं वाटतं. एकाला जखम दिसते, एकाला पोतं, म्हणजे चित्रात काहीच नाही, सगळं बघणाऱ्याच्या डोक्यात. मग चित्रकाराला क्रेडिट कशाचं?

उत्तर : राग कशाचा, अर्धं बरोबर आहे तुमचं. पण उरलेल्या अर्ध्यासाठी एक प्रयोग करा, पाच मिनिटांचा. एक चौकोनी कागद घ्या, साधारण वीतभर, त्यावर रुपयाचं नाणं बरोबर मधोमध ठेवा. बघा. आता ते मध्यापासून बोटभर बाजूला सरकवा. नाणं अस्वस्थ झालं की नाही? मधे परत जायचंय किंवा कडेला पळायचंय असं काहीतरी. नाण्याला काही वाटत नाही हे मलाही कळतं, पण "सरकलंय" हे तुम्ही मोजपट्टी न लावता बघितलंत, आणि शेजाऱ्याला दाखवलंत तर त्यालाही तेच दिसेल. रुडॉल्फ आर्नहाइम नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये चित्र बघण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्याची सुरुवात अशाच चौकोनातल्या काळ्या गोलापासून केली. त्याचं म्हणणं, हे ओढ-ताण आपण चित्राला मागाहून चिकटवत नाही, बघण्याच्या क्रियेतच ते असतात.

त्याच्याही आधी, १९४४ मध्ये, हायडर आणि सिमेल या दोघा मानसशास्त्रज्ञांनी एक छोटीशी फिल्म केली, दोन त्रिकोण, एक गोल आणि एक उघडझाप होणारा चौकोन, बस. लोकांना दाखवली आणि काय दिसलं विचारलं तर जवळपास सगळ्यांनी गोष्ट सांगितली, मोठा त्रिकोण दांडगाई करतोय, छोटा आणि गोल घाबरलेत, पळून गेले. कागदाचे तुकडे होते हो नुसते. आणि १९२९ मध्ये मानसशास्त्रज्ञ कोलर यांनी एक टोकदार आणि एक गोलसर अशा दोन आकृत्या दाखवून यातलं "ताकेते" कुणाचं नाव असेल विचारलं, तर लोकांनी बेलाशक टोकदार आकृतीकडे बोट दाखवलं. आपल्या मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी हाच खेळ २००१ मध्ये "बूबा" आणि "किकी" म्हणून परत गाजवला. तुम्हीही किकी टोकदारलाच म्हणाल, म्हणून बघा घरी, बायकोला विचारा, पोरांना विचारा.

म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. ताण बहुतेकांना सारखाच दिसतो, कुठे ओढलंय, कुठे रेटलंय, कुठे मोकळं सोडलंय, यावर दहा माणसं बसली तर आठ जणांचं एकमत होतं, हे मी वर्गात किती वेळा बघितलंय. फाटे फुटतात ते त्या ताणाला नाव देताना. लाल रंगाचंच घ्या, एकाला रक्त, दुसऱ्याला कुंकू, तिसऱ्याला धोक्याचा सिग्नल, आणि आमच्या वर्गात एक मुलगा होता त्याला लाल म्हटलं की एसटी आठवायची, एसटी म्हणजे मामाचं गाव, म्हणजे लाल रंग आनंदाचा. त्याला चूक कसं म्हणू? पण लाल पट्टा खालच्या कडेला दाबून बसलाय की वर तरंगतोय हे त्यालाही इतरांसारखंच दिसायचं. क्रेडिट चित्रकाराला द्यायचं ते या ताणाचं. ढग कुणी रचत नाही, हे कुणीतरी रचलंय.

(मी गाण्याचं उदाहरण देईन असं वाटलं असेल, आलापाला अर्थ विचारता का वगैरे. सगळेच देतात. त्यानं कुणाचं समाधान झालेलं मी बघितलं नाही.)

प्रश्न : बाई, मी नाशिकला बी.ए. ला आहे. मुंबईला जहांगीर आर्ट गॅलरीला गेले होते, तिथे एक मिक्स्ड मीडियाचं प्रदर्शन होतं. प्रत्येक चित्राखाली "अनटायटल्ड". बाहेर कलाकाराचं स्टेटमेंट लावलं होतं ते वाचून होतं नव्हतं ते पण कळेनासं झालं. चित्रकाराच्या मनात काय होतं हे कळल्याशिवाय भावना कशी कळणार?

उत्तर : स्टेटमेंट नेहमी चित्रं बघून झाल्यावर वाचायचं, आधी नाही. हॉटेलात बिल आधी मागतो का आपण?

माझी फजिती सांगते. बरीच वर्षं झाली, जहांगीरलाच, एका मोठ्या कॅनव्हाससमोर मी दोन मैत्रिणींना व्याख्यान देत होते, हा जो पुसट चौकोनी डाग आहे ना तो शहरातला एकटेपणा, ही अर्धवट मिटलेली खिडकी, कुणीतरी निघून गेलंय, वगैरे, मला स्वतःलाच भरून आलं होतं. मागे एक गृहस्थ उभे होते, ते हळूच म्हणाले, "रंग ओला असताना त्यावर पेपर पडला होता, उचलला तर तो चौकोन राहिला, मला आवडला म्हणून ठेवला." चित्रकार तेच. मैत्रिणी अजून त्यावरून चिडवतात. पण घरी आल्यावर मी विचार केला की मी अगदीच चुकले का? खिडकी आणि शहर माझ्या पदरचं, ते सोडा. पण काहीतरी इथे होतं आणि उचललं गेलंय, हे मला दिसलं ते तर खरंच घडलं होतं! क्रियापद बरोबर आलं होतं, गोष्ट चुकली.

चित्रकार वासुदेव गायतोंडे, आपले नागपूरला जन्मलेले, मूळ गोव्याचे, त्यांच्या चित्रांतही हे कागदाचं काम आहे. रोलरनं आणि नाइफनं रंगाचे थर द्यायचे, फाडलेले कागद ओल्या रंगावर टेकवायचे आणि उचलायचे, त्यातून ते पाण्याखाली काहीतरी असल्यासारखे आकार येतात. त्यांना "अमूर्त" हा शब्दसुद्धा पसंत नव्हता, "नॉन-ऑब्जेक्टिव्ह", म्हणजे ज्यात वस्तूच नाही असं, म्हणायचे, आणि चित्राखाली गोष्ट लिहिण्याचा तर प्रश्नच नाही. बुर्रीची नावं बघितली तर तीही अशीच, "पोतं", "लाकूड", "लोखंड", "प्लास्टिक", आणि लंडनच्या टेट म्युझियममध्ये १९५४ चं एक आहे त्याचं नाव "पोतं आणि लाल". किराणा यादी जणू. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियमनं २०१४-१५ मध्ये गायतोंड्यांचं मोठं प्रदर्शन केलं आणि ते संपल्यावर २०१५ च्या ऑक्टोबरात बुर्रीचं. एक इतका निवांत, दुसऱ्याची प्रत्येक गोष्ट फाटलेली, आणि दोघंही तोंड उघडायला तयार नाहीत. मला हा योगायोग फार आवडतो.

तरी एक माहिती मात्र उपयोगी पडते आणि ती मनाची नाही, मालाची. म्हणजे वस्तू आली कुठून. बुर्रीच्या अगदी सुरुवातीच्या, १९४९ च्या पोत्याच्या चित्रात अमेरिकन झेंड्याचे तुकडे दिसतात, आणि ते त्यानं रंगवलेले नाहीत, युद्धानंतर इटलीला जी अमेरिकन मदत यायची तिच्या पोत्यावरच ते छापलेले होते. हे कळलं की त्या पोत्याकडे बघणं बदलतं. हरलेला देश, उपाशी देश, आणि जिंकलेल्यानं पाठवलेलं धान्य ज्यातून आलं ते रिकामं पोतं, आणि ते शिवतोय कोण तर त्याच अमेरिकेतल्या छावणीत कैदी म्हणून राहून आलेला डॉक्टर. बुर्री यातलं एक अक्षर बोलत नाही आणि बोलायची गरजही नाही, पोत्यावर छापलेलंच आहे. त्यामुळे पुढच्या वेळी प्रदर्शनात चित्रकार भेटला तर "तुम्हाला काय म्हणायचंय" हे विचारू नकोस, बिचारे ओशाळतात किंवा मग भाषण देतात. "हा पत्रा कुठून आणलात?" विचार. डोळे चमकतात बघ, आणि मग जे सांगतात ते ऐकण्यासारखं असतं.

(सांगलीच्या ताई, तुम्हीही भाचीला विचारा, पोतं कसलं होतं. सांगलीचं आहे, हळदीचं निघालं तर गंमत आहे, काळ्या रंगाखाली कुठेतरी पिवळं दिसत असेल.)

प्रश्न : मी औसा तालुक्यातला. १९९३ ला मी नववीत होतो. विसर्जन झालं आणि पहाटे भूकंप. आमच्या घरातले वाचले, मामाच्या घरातले नाही. तुम्ही चित्रातल्या भावनेबद्दल लिहिता ते वाचतो, पण माझा प्रश्न असा की असं काही झालेल्या माणसाला रंगाचे डाग आणि पोती काय सांगणार? ज्यात माणूसच दिसत नाही त्यात दुःख कसं मावेल?

उत्तर : दादा, तुमच्या पत्राला उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. समजावून सांगायची माझी लायकी नाही, एक हकिगत सांगते, तुम्हीच ठरवा.

बुर्री १९७० च्या दशकात एक वेगळंच काम करायला लागला. पांढरी माती, झिंक व्हाइट हा पांढरा रंग आणि गोंद यांचा जाड लेप बोर्डावर द्यायचा आणि वाळू द्यायचा. वाळताना लेप आकसतो, खालचा बोर्ड आकसत नाही, लेपाला जायला जागा नाही, मग तो फुटतो. भेगा. दुष्काळात तळ्याचा तळ वाळल्यावर पडतात तशाच, तुम्हाला मराठवाड्यात मी काय सांगायच्या भेगा. कुठे किती जाड लेप द्यायचा हे तो ठरवायचा, भेग कुठून जाणार हे मात्र मातीच ठरवायची. त्या चित्रांना तो "क्रेत्तो" म्हणायचा, म्हणजे भेग.

जानेवारी १९६८ मध्ये सिसिली बेटावर भूकंप झाला आणि जिबेलिना नावाचं गाव पार जमीनदोस्त झालं. तुमच्याकडे झालं तसंच, नवं गाव दुसरीकडे वसवलं. नव्या गावासाठी चित्रकार-शिल्पकार बोलावले, त्यात बुर्रीलाही. तो नवं गाव बघून आला आणि म्हणाला इथे मला काही करायचं नाही, जुन्या गावाकडे न्या. तिथे अजून ढिगारे होते. त्यानं काय सुचवलं असेल, तर ते ढिगारे तिथेच गोळा करून, दाबून, त्यावर पांढरं काँक्रीट ओतायचं, आणि मधून वाटा सोडायच्या, साधारण जिथून जुन्या गल्ल्या जायच्या तिथून. १९८० च्या दशकात काम सुरू झालं, पैसे संपले म्हणून १९८९ ला थांबलं आणि २०१५ ला, त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, पूर्ण झालं. जवळजवळ ऐंशी हजार चौरस मीटर, म्हणजे वीस एकर. उंची दीड मीटरच्या थोडी वर. म्हणजे त्या भेगांतून चालताना बाजूचं काँक्रीट जवळजवळ तुमच्या डोक्यापर्यंत येतं, लहान मूल असेल तर त्याला वरचं काहीच दिसत नाही. त्यावर एक नाव नाही, एक चेहरा नाही, पुतळा नाही. पण माणूस त्या गल्लीतून चालतो, आणि ज्या गल्लीतून चालतो तिच्या दोन्ही बाजूला घरं आहेत, आत.

मला स्वतःला त्याबद्दल एक खटका आहे तोही सांगते. आपल्या घराचा उंबरठा, चूल, कपाटाचं दार त्या काँक्रीटखाली गेलेलं बघून तिथल्या एखाद्या म्हातारीला काय वाटलं असेल? मला तरी राग आला असता. बाहेरून आलेल्या मोठ्या कलाकारानं माझ्या दुःखावर स्लॅब टाकला असं वाटलं असतं. आणि तरी, चेहऱ्यांचा पुतळा केला असता तर तो कुणातरी एकाचा झाला असता. तुमच्या मामांचा नसता झाला. माणूस नसलेल्या जागेत माणूस नाही हेच दिसतं, आणि तुम्ही पत्रात "आमच्या घरातले वाचले, मामाच्या घरातले नाही" एवढंच लिहिलंत, "नाही"च्या पुढे काही नाही लिहिलंत, मी ते वाक्य कितीदा वाचलं. पुढचं तुम्ही सोडून दिलं म्हणून.

रंगाचे डाग तुम्हाला काही सांगायलाच हवेत असं अजिबात नाही. नाही सांगितलं तर राहू द्या.

प्रश्न : रत्नागिरी. आमच्याकडे मुलानं केलेलं असंच पोतं, कागद, वाळू लावलेलं चित्र आहे. पावसाळ्यात बुरशी येईल का? काच लावू का?

उत्तर : कोकणात ना, येईल. गोणपाट हवेतलं पाणी पितं आणि कागदाला लावलेली खळ कसरीला फार आवडते. बाहेरच्या भिंतीवर, म्हणजे जिला पाऊस झोडपतो तिच्यावर, लावू नका, आतल्या भिंतीवर लावा, आणि फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळती राहील. काच अगदी चिकटून नको, आत दमट हवा कोंडते, लावायचीच तर आत चांगली दोन बोटं जागा ठेवून खोल फ्रेम करून घ्या. धूळ कोरड्या मऊ ब्रशनं, ओलं फडकं चुकूनही नाही, वाळू सुटेल. बुरशीची पांढरी पूड दिसलीच तर घरात झटकू नका, बाहेर पडवीत न्या, तोंडाला रुमाल बांधून ब्रशनं काढा, सावलीत वारं लागू द्या. उन्हात टाकू नका. पेपरचा कागद उन्हानं पिवळा पडतो आणि मग तपकिरी, तो तसाही हळूहळू पडणारच आहे, घरात ठेवलात तरी, फक्त जरा सावकाश. मुलाला आधी सांगून ठेवा म्हणजे पाच वर्षांनी येऊन तुमच्यावर ओरडणार नाही. आणि चित्र खाली उतरवायचा आळस करू नका, श्रावणात एकदा तरी मागची बाजू बघा, बुरशी आधी मागे येते.